तुरटी, वाळू आणि निसटणारा कण

पावसाळ्यात नदीचं तांबडं पाणी हंड्यात भरायचं, तुरटीचा खडा चार-सहा वेळा फिरवायचा, हंडा झाकून ठेवायचा आणि सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं. तळाशी बोटभर गाळ उरायचा. नळ येण्याआधी कित्येक घरांनी पाणी असंच निवळून घेतलं. कुठे तुरटीऐवजी निवळीची बी उगाळून घालत. नळ आल्यावर हे काम घरातून उठून गावाबाहेरच्या केंद्रात गेलं, पण कामाची रीत बदलली नाही. मुंबईत भांडुप संकुलातल्या जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला १९१० दशलक्ष लिटर आहे. आशियातल्या मोठ्या केंद्रांमध्ये त्याची गणना होते. तिथेही पाण्यात अॅल्युमिनियमचा क्षार मिसळायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी वाळूतून गाळायचं आणि क्लोरीन द्यायचा, हाच मूळ क्रम आहे.

हा क्रम बसवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माती, शेवाळ आणि रोगजंतू होते. तुरटी आणि वाळूच्या जलद गाळणीची जोडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाली. बेकलाइट हे पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक १९०७ सालचं. म्हणजे पाणी शुद्ध करायची आपली मुख्य पद्धत प्लास्टिकपेक्षा वयाने मोठी आहे. आता नदीच्या पाण्यात कपड्यांचे तंतू, टायरची झीज आणि पिशव्या-बाटल्यांचा चुरा येतो, तेव्हा ही जुनी जोडी त्याला अडवते का, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. उत्तर बरंच दिलासा देणारं आहे: बहुतेक प्लास्टिक ती अडवते. काळजी करावी अशा जागा वेगळ्याच आहेत. एक म्हणजे अगदी बारीक कण, आणि दुसरी, जिच्याविषयी फार कमी बोललं जातं ती, म्हणजे अडवलेल्या प्लास्टिकचं पुढे काय होतं ती जागा.

‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला तो इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘सायन्स’मध्ये लिहिलेल्या लेखामुळे. पुढे ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा तो मायक्रोप्लास्टिक, अशी वरची मर्यादा सर्वमान्य झाली. खालची मर्यादा बहुतेक जण १ मायक्रॉन धरतात. म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहून लहान कणांना नॅनोप्लास्टिक म्हणतात. या व्याख्येत केवढं अंतर सामावलंय ते लक्षात घ्यायला हवं. ५ मिलिमीटरचा तुकडा चिमटीत धरता येतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि १ मायक्रॉनचा कण साध्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही. एकाच नावाखाली येणाऱ्या या दोन गोष्टी पाण्यात अगदी वेगवेगळ्या वागतात. म्हणून ‘आमचं यंत्र ९९ टक्के मायक्रोप्लास्टिक काढतं’ असं कोणी म्हटलं, की पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कोणत्या आकाराचं?’

नुसतं पाणी शांत ठेवून प्लास्टिक खाली बसेल का, याचा हिशेब मांडून पाहू. बाटल्यांचं आणि पॉलिएस्टर कापडाचं प्लास्टिक, म्हणजे पीईटी, पाण्यापेक्षा सुमारे १.४ पट जड. त्याचा १०० मायक्रॉनचा गोल कण शांत पाण्यात सेकंदाला साधारण २ मिलिमीटर खाली जातो. ३ मीटर खोल टाकीत तो अर्ध्या तासात तळ गाठेल. पण व्यास दहापट कमी झाला, की बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. १० मायक्रॉनचा कण तासाला ७-८ सेंटिमीटरच उतरतो. १ मायक्रॉनच्या कणाला तीच टाकी उतरायला पाच महिन्यांहून जास्त लागतील, आणि केंद्रातल्या निवळण टाकीत पाणी थांबतं जेमतेम दोन-तीन तास. शिवाय हे झालं जड प्लास्टिकचं. पिशव्यांचं पॉलिथिलीन आणि दोऱ्या-पोत्यांचं पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं. ते मुळात बुडतच नाही.

म्हणून तुरटी लागते. पाण्यातले बारीक कण, मातीचे असोत की प्लास्टिकचे, बहुधा ऋण विद्युतभार घेऊन फिरतात. सगळ्यांचा भार सारखा, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. तुरटीतलं अॅल्युमिनियम पाण्यात गेलं की धन भाराचे घटक तयार होतात. ते कणांना चिकटतात आणि दूर लोटणारी ताकद मोडतात. त्याच वेळी अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट, भिजल्या कापसासारखे पुंजके तयार होतात आणि वाटेत येईल ते पोटात घेत खाली बसतात. आज अनेक केंद्रांत तुरटीच्या जागी पीएसी, म्हणजे पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड, वापरतात. तत्त्व तेच.

किती तुरटी घालायची हे पाण्यावर ठरतं, आणि पाणी रोज बदलतं. त्यासाठी केंद्राच्या प्रयोगशाळेत जार टेस्ट करतात. एका ओळीत सहा काचपात्रं, प्रत्येकात एकेक लिटर कच्चं पाणी, प्रत्येकात एकेक पातं. पहिल्या पात्रात तुरटीची मात्रा सगळ्यात कमी, पुढे चढत जाणारी. आधी मिनिटभर पाती जोरात फिरवायची म्हणजे तुरटी सगळीकडे पोहोचते. मग पंधरा-वीस मिनिटं संथ, म्हणजे पुंजके एकमेकांना भेटून मोठे होतात. जोरात फिरवलं तर झालेले पुंजकेच फुटतात. मग पाती थांबवून अर्धा तास वाट पाहायची. मुरलेला केमिस्ट पाती फिरत असतानाच सांगतो की चौथ्या पात्रात पुंजका चांगला धरलाय. नंतर वरच्या पाण्याचा गढूळपणा मोजून त्या दिवसाची मात्रा ठरते. केंद्रात येणाऱ्या प्लास्टिकच्या कणाचं भवितव्य बऱ्याच अंशी या टेबलावर ठरतं. मात्रा कमी पडली तर पुंजके नीट धरत नाहीत. जास्त झाली तर कणांवर उलटा भार चढून ते पुन्हा एकमेकांना दूर लोटायला लागतात.

प्लास्टिकच्या बाबतीत इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २०२० साली जार टेस्टनेच तपासून पाहिलं, की तुरटी वेगवेगळ्या प्लास्टिकला किती पकडते. नवंकोरं पॉलिथिलीन ८२ टक्के निघालं, पॉलिएस्टरचे तंतू ९७ टक्के, आणि झिजवून जुनं केलेलं पॉलिथिलीन ९९ टक्के. नव्या प्लास्टिकचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि पाण्याला टाळणारा असतो, त्याला काही चिकटत नाही. ऊन खाल्लेल्या प्लास्टिकला बारीक भेगा पडतात, त्याच्या पृष्ठभागाचं रसायन बदलतं आणि पुंजक्यांना धरायला जागा मिळते. नदीतून येणारं प्लास्टिक बहुतेक असं मुरलेलंच असतं, त्यावर जंतूंचा बुळबुळीत थरही बसलेला असतो. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ मण्यांवरून काढलेले निराशेचे निष्कर्ष वाचताना हे ध्यानात ठेवावं.

निवळण टाकीतून सुटलेलं पाणी वाळूवर येतं. वाळूची गाळणी म्हणजे मोठी चाळणी, असा सर्रास समज आहे आणि तो चुकीचा आहे. गाळणीतल्या वाळूचा दाणा अर्धा ते एक मिलिमीटरचा. दाण्यांमधल्या फटी १०० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या. चाळणीच्या हिशेबाने १० मायक्रॉनचा कण त्यातून सरळ निघून जायला हवा. पण पाऊण मीटर जाडीच्या थरातून जाताना तो शेकडो दाण्यांना वळसा घालतो आणि कुठे तरी एखाद्या दाण्याला टेकतो. टेकला आणि चिकटला, की पकडला गेला. वाळू गाळते ती चिकटवून. तुरटीने भार मोडला नसेल तर कण टेकूनही चिकटत नाही, म्हणून तुरटीविना ही जलद गाळणी जवळपास निरुपयोगी ठरते.

कण दाण्याला टेकतो कसा, याचं गणित याओ, हबीबियन आणि ओमेलिया यांनी १९७१ साली मांडलं, आणि माझ्या मते हा सगळा विषय समजून घ्यायची किल्ली तिथे आहे. मोठा कण वजनामुळे खाली झुकतो किंवा आपल्या आकारामुळेच दाण्याला घासतो. अतिसूक्ष्म कण पाण्याच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे भरकटतो आणि भरकटता भरकटता दाण्यावर आदळतो. अडचण मधल्या कणाची. साधारण १ ते २ मायक्रॉनचा कण खाली झुकायला फार हलका आणि भरकटायला फार जड. तो प्रवाहाबरोबर दाण्यांना वळसे घालत पार निघून जातो. म्हणजे वाळूची गाळणी सर्वांत कमकुवत ठरते ती सर्वांत लहान कणांसमोर नव्हे, मायक्रॉनभर आकाराच्या कणांसमोर. प्लास्टिकच्या नेमक्या याच कणांची गर्दी नंतर प्रत्यक्ष मोजणीत सापडली.

ती मोजणी झेक प्रजासत्ताकात झाली. मार्टिन पिवोकोन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली तीन जलशुद्धीकरण केंद्रांचं आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी १ मायक्रॉनपर्यंत तपासलं. पहिल्या केंद्रात कच्च्या पाण्यात लिटरमागे सरासरी १४७३ कण होते, शुद्ध पाण्यात ४४३. दुसऱ्यात १८१२ चे ३३८ झाले, तिसऱ्यात ३६०५ चे ६२८. हिशेब केला तर ७०, ८१ आणि ८३ टक्के कण निघाले. पहिल्या केंद्रात तुरटीच्या जातीचं रसायन आणि वाळू एवढंच होतं. बाकी दोघांकडे त्याशिवाय वेगळी निवळण आणि सक्रिय कोळशाचा थर होता. फरक तिथे पडला. आणि जे कण सापडले त्यातले बहुतांश १ ते १० मायक्रॉनचे होते. १०० मायक्रॉनच्या वरचं प्लास्टिक शुद्ध पाण्यात जवळजवळ नव्हतंच.

चीनमध्ये यांगत्सेच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका अद्ययावत केंद्राची मोजणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तिथे लिटरमागे सरासरी ६६१४ कण येत आणि सुमारे ९३० बाहेर पडत. त्या संशोधकांनी प्रत्येक टप्प्यानंतर पाणी तपासलं, हे महत्त्वाचं. तुरटीच्या टप्प्यात ४० ते ५५ टक्के कण गेले, कोळशाच्या थरात उरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त. मधल्या ओझोनच्या टप्प्यात मात्र कणांची संख्या कमी होण्याऐवजी थोडी वाढली, विशेषतः १ ते ५ मायक्रॉनच्या कणांची. ओझोन जंतू मारतो, वास घालवतो, पण प्लास्टिकला तो बाहेर काढत नाही. ज्या नगरपालिकांना महागड्या यंत्रणा विकायला लोक येतात, त्यांच्या अभियंत्यांनी ही ओळ भिंतीवर लावून ठेवावी. मोठ्या नावाची प्रक्रिया बसवली म्हणजे कण निघाला, असं होत नाही.

आकड्यांची तुलना करताना एक सावधगिरी बाळगावी लागते. जर्मनीत २०१९ साली भूजलावर चालणाऱ्या केंद्रांचं पाणी तपासलं तेव्हा सरासरी निघाली एका घनमीटरमागे ०.७ कण; म्हणजे हजार लिटरमध्ये एकही पूर्ण नाही. झेक पाण्यात लिटरमागे शेकडो. काही फरक खरा आहे, कारण जमिनीत मुरलेलं पाणी मातीच्या थरांतून आधीच गाळून येतं. पण जर्मन मोजणीत २० मायक्रॉनपेक्षा लहान कण धरलेच नव्हते, आणि झेक मोजणीत तेच सगळ्यात जास्त होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लेझरवर आधारलेलं नवं तंत्र वापरून नॅनोप्लास्टिकही मोजलं, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्याचा आकडा आला लिटरमागे सुमारे २,४०,०००. त्यातले नव्वद टक्के कण एक मायक्रॉनहून लहान होते. बाटल्या रातोरात खराब झाल्या नव्हत्या. मोजण्याची नजर बारीक झाली होती. मात्र बाटलीतलं पाणी नळापेक्षा शुद्ध, हा आपल्याकडे खोल रुजलेला समज प्लास्टिकच्या बाबतीत तरी टिकत नाही.

गोव्यात पणजीजवळच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेबरोबर राज्यातल्या नळाचं पाणी तपासलं आणि २०२१ मध्ये त्यात मायक्रोप्लास्टिक असल्याचं नोंदवलं. ते सगळंच कच्च्या पाण्यातून आलेलं असेल असं नाही. केंद्रातून निघालेलं पाणी पीव्हीसी आणि एचडीपीई पाइपांतून, गच्चीवरच्या काळ्या टाकीतून, उन्हात तापून ठिसूळ झालेल्या नळीतून आपल्या पेल्यात येतं. गाळणीने काढलेलं प्लास्टिक वाटेत थोडंफार परत भरलं जातं.

मग घरी काय करावं? आरओ यंत्राच्या पडद्याची भोकं मायक्रॉनच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. प्लास्टिकचा कुठलाही कण त्यातून जाणार नाही. पण त्या यंत्रात एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं आणि अडवलेलं प्लास्टिक त्याच पाण्याबरोबर गटारात. ज्यांचं पाणी मुळात गोड आहे त्यांनी केवळ प्लास्टिकच्या भीतीने आरओ बसवावा, असं मला वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय, की पिण्याच्या पाण्यातला मोठा धोका आजही रोगजंतूंचा आहे, आणि गढूळपणा कमीत कमी राखणारं केंद्र एक मायक्रॉनहून लहान कणही काढू शकतं.

घरातला स्वस्त उपाय चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ च्या फेब्रुवारीत मांडला: पाणी पाच मिनिटं उकळा, थंड झाल्यावर गाळा. जड पाण्यात उकळताना चुन्याचे क्षार वेगळे होतात, प्लास्टिकच्या कणांभोवती कवच धरतात आणि गाळणीत अडकतात. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या पाण्यात जवळपास ९० टक्के कण असे निघाले. मृदू पाण्यात २५ टक्केच. मराठवाड्यात किंवा पुण्याच्या पूर्वेला बोअरचं पाणी तापवणाऱ्या घरांत पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. उकळल्यानंतर त्यातलं बरंचसं प्लास्टिक त्या थरात असतं. म्हणून पाणी ढवळून न ओतता वरचं पाणी काढून घ्यावं आणि थर घासून टाकावा. मुंबईचं तलावांचं पाणी मृदू, तिथे या उपायाचा फायदा थोडा. आणि गाळायला फडकं घ्यायचं ते सुती. नायलॉनची जाळी किंवा जुन्या पॉलिएस्टर ओढणीचा तुकडा घेतला, तर कण काढता काढता आपणच तंतू सोडायचो.

टेक्सासमधल्या टार्लटन स्टेट विद्यापीठात रजनी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भेंडी आणि मेथीतल्या चिकट द्रवावर काम केलंय. मेथीच्या अर्काने तासाभरात ९३ टक्के कण बाहेर काढले, भेंडीच्या अर्काने ६७ टक्के. भूजलात मेथी सरस ठरली, समुद्राच्या पाण्यात भेंडी. भेंडी चिरताना बोटाला लागणारी तार म्हणजे लांबलचक शर्करासाखळ्या. त्या कणाकणांना जोडून पुंजके करतात. आज अनेक केंद्रांत पुंजके मोठे करायला पॉलिअॅक्रिलामाइड हे कृत्रिम रसायन घालतात, त्याची जागा अशा वनस्पतिज द्रव्यांनी घ्यावी असा हा विचार आहे. शेवग्याच्या बीचाही तसाच उपयोग होतो. मला या दिशेकडून मोठी आशा आहे, कारण मेथी आणि शेवगा आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत पिकतात.

आता दुसऱ्या जागेकडे, अडवलेल्या प्लास्टिककडे वळू. त्याआधी ते नदीत येतं कुठून ते पाहू. पिण्याचं पाणी शुद्ध करणारं केंद्र नदीतून येईल ते घेतं. नदीत प्लास्टिक सोडतो आपण, मैलापाण्यातून. आणि त्याचा मोठा वाटा धुण्याचा आहे. प्लिमथ विद्यापीठातच २०१६ साली मोजलं गेलं, की ६ किलो अॅक्रिलिक कपडे यंत्रात एकदा धुतले तर सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात. हे तंतू मोरीतून थेट मैलापाणी प्रक्रिया केंद्रात जातात, अर्थात असं केंद्र असेल तर.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ, क्लाइड नदीत पाणी सोडणाऱ्या अशाच एका मोठ्या केंद्राचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. साडेसहा लाख लोकसंख्येइतका भार. आत येणाऱ्या लिटरभर पाण्यात सरासरी १५.७ कण, बाहेर जाणाऱ्यात ०.२५. म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त अडवले. सर्वांत मोठा झटका बसला तो अगदी सुरुवातीला, खडी आणि तेलकट साय काढण्याच्या टप्प्यात. ४५ टक्के कण तिथेच गेले. पॉलिथिलीन तेलाच्या ओढीने वर येतं आणि त्या सायीत अडकतं. चेहरा घासायच्या साबणात तेव्हा घालत ते रंगीत मणी तिथे सापडले. अमेरिकेने अशा मण्यांवर २०१५ च्या कायद्याने बंदी घातली. ९८ टक्के कण अडवूनही त्या एका स्कॉटिश केंद्रातून दिवसाला साडेसहा कोटी कण क्लाइडमध्ये जात होते, कारण टक्केवारी चांगली असली तरी पाणी प्रचंड होतं. फिनलंडमध्ये २०१७ साली याच्या पुढची पायरी तपासली: प्रक्रिया केलेलं मैलापाणी वाळूतून गाळलं तर त्यातले ९७ टक्के कण आणखी गेले. प्राथमिक प्रक्रियेनंतरचं पाणी जंतू आणि बारीक पडदा एकत्र असलेल्या टाकीतून काढलं तर ९९.९ टक्के, म्हणजे लिटरमागे ६.९ कणांचे ०.००५ झाले. या टाकीला एमबीआर म्हणतात.

हे आकडे वाचून मी नकाशावर मुळा-मुठेकडे पाहतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं मैलापाणी या नद्यांतून भीमेत जातं, भीमा उजनीत, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. सगळ्या मैलापाण्यावर प्रक्रिया होत नाही. पावसाळ्यात तर ओढ्यानाल्यांतून ते सरळ वाहतं. सोलापुरात गाळणी कितीही चांगली चालवली, तरी तिच्यावर येणारं ओझं पुण्याच्या धुण्याचं आहे. म्हणून मायक्रोप्लास्टिक काढण्यावर एक रुपया खर्चायचा असेल, तर तो आधी शहराच्या शेवटच्या गटाराला प्रक्रिया केंद्राशी जोडण्यावर खर्चावा, असं माझं ठाम मत आहे. त्या एका कामाने जंतूही कमी होतात, नदीही सावरते.

पण अडवलेले ९८ टक्के कण गेले कुठे? प्लास्टिक नष्ट झालेलं नाही. मैलापाणी केंद्रात जंतूंचे पुंजके त्याला पोटात घेऊन तळाशी बसतात आणि त्याचा मैलगाळ होतो. हा गाळ वाळवून खत म्हणून शेतात जातो. नत्र-स्फुरद असतं, शेतकऱ्याला उपयोग होतो. लुका निझेट्टो आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अंदाज बांधला, की युरोपच्या शेतजमिनीत या वाटेने दर वर्षी ६३,००० ते ४,३०,००० टन मायक्रोप्लास्टिक जात असावं. पाण्यातून काढलेला कण मातीत गेला, आणि पहिल्या मोठ्या पावसात त्यातला काही ओढ्याला लागला. त्यापेक्षा कपड्यांचे तंतू धुण्याच्या यंत्रातच जाळीने अडवणं सोपं, कारण तिथे ते मूठभर लवेच्या रूपात हाती येतात. फ्रान्सने नव्या यंत्रांत अशी जाळी हवी, असं २०२० च्या कायद्यात लिहिलं ते याच हिशेबाने.

पिण्याच्या पाण्याच्या केंद्रातही हाच प्रश्न उरतो, आणि तिथे तो लहानसहान सवयींमध्ये दडलेला असतो. वाळूची गाळणी तुंबली की खालून हवा आणि पाणी सोडून तिची उलट धुलाई करतात. कर्मचारी त्याला बॅकवॉश म्हणतात. वाळू उसळते, दाण्यांना चिकटलेली माती आणि प्लास्टिक सुटून तपकिरी पाणी वरच्या नाळीतून वाहतं. पाणी वाचवायला अनेक केंद्रं हे धुण्याचं पाणी पुन्हा सुरुवातीच्या टाकीत घेतात. ते आधी वेगळं निवळलं नाही, तर काल पकडलेला कण आज परत गाळणीवर हजर होतो. धुलाईनंतरचा काही वेळही नाजूक असतो: वाळू नव्याने मुरेपर्यंत गाळणी कमी पकडते. तेवढं पाणी वाहून जाऊ द्यायची सोय केंद्रात असायला हवी आणि असेल तर ती वापरायला हवी. निवळण टाकीच्या तळाचा तुरटीचा गाळ जवळच्या नाल्यात सोडण्याची पद्धतही ठिकठिकाणी आहे. त्या गाळात आपण नदीतून काढलेलं बहुतेक प्लास्टिक असतं.

आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, मायक्रोप्लास्टिकविषयी काही सांगत नाही. पण गढूळपणाची मर्यादा त्यात आहे: १ एनटीयू, आणि दुसरा स्रोत नसेल तर ५. प्रत्येक गाळणीच्या तोंडाशी गढूळपणा मोजणारं यंत्र असेल आणि आकडा १ च्या बराच खाली राहत असेल, तर तिथे तुरटी नीट पडतेय, पुंजका नीट धरतोय आणि वाळू नीट चिकटवतेय. सगळ्या गाळण्यांचं पाणी एकत्र करून मोजलं, तर एखादी बिघडलेली गाळणी बाकीच्यांच्या आड लपते. आपल्या गावच्या केंद्रात हा आकडा गाळणीवार लिहिला जातो का आणि तळाचा गाळ कुठे जातो, हे दोन प्रश्न कोणत्याही नागरिकाला पाणीपुरवठा विभागाकडे माहिती अधिकारात विचारता येतात.